सव्वा आण्याचा पैसा

दोंडाईच्यासारख्या बाजारगावात आडतीच्या दुकानात गादीमागे एक तार टांगलेली असे. खाली लाकडी चकती, वर वळवलेला आकडा. आलेलं पत्र शेटजींनी वाचलं की मुनीम ते मधोमध टोचून तारेत सरकवी. मिरचीचा भाव, सुरतेच्या व्यापाऱ्याची मागणी, रेल्वेच्या बिल्टीचा नंबर, कुणाच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण, सगळं एकाच तारेत, तारखेच्या क्रमानं. वर्ष सरलं की तार माळ्यावर. अशी एखादी 1972 सालची तार उंदीर-वाळवीतून वाचली असेल, तर तिच्यातल्या बहुतेक पाकिटांवर नेहमीच्या 20 पैशांखेरीज आणखी एक तिकीट दिसेल. पाच पैशांचं. पत्र सुरतेहून आलेलं असो की शेजारच्या शिंदखेड्याहून, हे तिकीट चुकलेलं नसेल.

त्या पाच पैशांचा मिरचीशी किंवा पत्राच्या वजनाशी काही संबंध नव्हता. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत घेऊन आलेली सुमारे एक कोटी माणसं 1971 साली भारताच्या सीमावर्ती राज्यांत छावण्यांत राहत होती. त्यांच्या खर्चासाठी केंद्र सरकारनं 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसवला. काही अपवाद सोडले तर तो साऱ्या टपालाला लागू होता. रेल्वेच्या भाड्यावरही असाच भार पडला. टपालाचा कर 31 मार्च 1973 पर्यंत चालला, म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळातही चालू होता. खान्देशात विहिरी कोरड्या पडल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती, आणि त्यांनी गावाकडे धाडलेल्या पाकिटावर बंगालमधल्या बेघरांसाठी पाच पैसे चिकटवलेले होते. एरवी मनीऑर्डरीच्या कमिशनवरून पोस्टाच्या खिडकीशी हुज्जत घालणारा माणूसही हे पैसे देत होता. दिल्याशिवाय सुटकाही नव्हती म्हणा.

कर बसवणं सोपं होतं, त्याचं तिकीट आणायचं कुठून? नवं तिकीट म्हणजे चित्र, मंजुरी, साचा, कागद, छपाई, भोकं पाडणं, आणि मग देशभर वाटप. एवढी सवड कुणालाच नव्हती. तेव्हा हाताशी होतं ते घेतलं. कुटुंबनियोजनाचा प्रचार करणारं पाच पैशांचं लाल तिकीट आधीपासून चलनात होतं. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये त्यावरच हिंदी आणि इंग्रजीत ‘शरणार्थी सहायता’ असं काळ्या शाईनं छापलं गेलं. ते ताव वेळेत पोहोचले नाहीत तिथे पोस्टखात्यानं स्थानिक पातळीवर काम भागवलं. बंगळूर आणि जयपूर इथली अशी स्थानिक छपाई संग्राहकांच्या ओळखीची आहे. छोट्या सुखी कुटुंबाची शिकवण देणाऱ्या तिकिटावर एक कोटी विस्कटलेल्या माणसांचा उल्लेख आला, यातली विसंगती त्या घाईत कुणाच्या लक्षात आली नसावी. आली असती तरी दुसरा इलाज नव्हता. 1 डिसेंबरला निर्वासितांच्या मदतीचं खास तिकीट निघालं आणि लाल तिकिटाची गरज संपली. जेमतेम दोन आठवड्यांसाठी केलेली ती सोय होती.

अशा तिकिटांना संग्राहकांच्या बोलीत ओव्हरप्रिंट म्हणतात. वरच्या छपाईनं किंमत बदलली तर सरचार्ज. आणि पक्कं तिकीट येईपर्यंत काम भागवण्यासाठी काढलं ते प्रोव्हिजनल, म्हणजे साध्या मराठीत कामचलाऊ तिकीट. अल्बमात ही तिकिटं बहुधा मागे पडतात. मोर, वाघ, अजिंठ्याची चित्रं असलेल्या तिकिटांपुढे ती कळकट दिसतात. कुणीतरी चांगल्या तिकिटावर शाई सांडल्यासारखी. पण युद्ध, महागाई आणि सत्तापालट यांची खरी नोंद याच तिकिटांत सापडते. सरकारला जे ठरवून, सजवून सांगायचं असतं ते चित्राच्या तिकिटावर येतं. जे अंगावर आलं म्हणून सांगावं लागलं, ते ओव्हरप्रिंटमध्ये. शिवाय खालचं जुनं पुसलेलं नसतं. राजा, नाणं, देशाचं नाव सगळं खाली तसंच, आणि त्यावर नवा हुकूम.

या विषयावरचं कुठलंही लिखाण सहसा 1923 च्या जर्मनीपासून सुरू होतं, आणि ते साहजिक आहे. मार्कची किंमत इतक्या वेगानं घसरत होती की छापलेलं तिकीट पोस्टात पोहोचेपर्यंत निकामी होई. मग दोनशे मार्कच्या तिकिटावर वीस लाख छाप, आणखी कशावर कोटी छाप, असं करत वर्षअखेरीला 50 अब्ज मार्कचं तिकीट निघालं. हंगेरीनं 1946 साली त्याच्याही पुढची शक्कल काढली. तिथल्या पेंगोची अवस्था अशी की आकडा छापण्यातच अर्थ उरला नव्हता. म्हणून तिकिटांवर किमतीऐवजी सेवेची आद्याक्षरं छापली: हे रजिस्टरसाठी, हे छापील मजकुरासाठी. किंमत त्या दिवशीच्या दरानं खिडकीवर विचारायची. आडतीत वाढलेल्या माणसाला ही पद्धत फार परकी वाटायची नाही.

भारतानं असा भडका कधी पाहिला नाही. इथली महागाई पै-पैशानं चढत गेली, आणि तिकिटांवरही ती तशीच, बारीक अक्षरात उमटली.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा सरकारच्या तिजोरीला ओहोटी लागली होती. टपालाचे दर त्या तडाख्यात सापडले. 1921 साली एक आण्याच्या लाल तिकिटावर इंग्रजीत ‘नाइन पाइज’ असं छापलं गेलं. नऊ पै म्हणजे पाऊण आणा. पुढच्याच वर्षी अर्ध्या आण्याच्या हिरव्या तिकिटावर ‘¼’ एवढाच आकडा आला आणि अर्ध्याचा पाव झाला. त्याच 1922 मध्ये पोस्टकार्डानं पैशाची मर्यादा ओलांडली. 1 जुलै 1879 ला कार्ड सुरू झालं तेव्हापासून ते पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला मिळत होतं. दोन पिढ्यांनी ‘पैशाचं कार्ड’ हाच शब्द वापरला होता. आता तेच कार्ड दोन पैशांचं झालं, आणि लिफाफ्याचा अर्धा आणा जाऊन पूर्ण आणा बसला. पुस्तकांतून युद्धखर्च, तूट, कर्ज असे मोठे शब्द येतात. धुळ्याला शिकायला ठेवलेल्या पोरानं घरी कार्ड टाकायचं म्हटलं की त्या शब्दांचा हिशेब दुप्पट पैशात व्हायचा.

त्या नऊ पैच्या छपाईत एक गंमत झाली. तावावरच्या काही तिकिटांवर ‘नाइन पाइज’ऐवजी ‘नाइन नाइन’ आलं आणि काहींवर ‘पाइज पाइज’. खिळ्यांच्या छापखान्यात वावरलेल्या कुणालाही हे कसं झालं ते सांगावं लागणार नाही. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बसवतो, तीच ओळ फर्म्यात पुन्हापुन्हा मांडतो, आणि शंभराव्या वेळी त्याचा हात चुकीच्या खणात जातो. ओव्हरप्रिंटमध्ये ही शक्यता अधिक असते, कारण ताव आधीच छापलेले, मागे गोंद लावलेले आणि भोकं पाडलेले असतात. ते यंत्रावर दुसऱ्यांदा चढवायचे. ताव उलटा सरकवला तर छाप उलटा पडतो. चुकून दोनदा गेला तर छाप दुहेरी. दोन ताव चिकटून गेले तर खालचा कोराच. पक्क्या तिकिटाची छपाई महिनोन्महिने तपासली जाते. कामचलाऊ तिकीट संध्याकाळच्या गाडीनं जायचं असतं. संग्राहक या चुकांच्या मागे वेड्यासारखे लागतात आणि त्यासाठी लाखो मोजतात. त्यांचं वेड बाजूला ठेवलं तरी त्या चुकांतून छापखान्याची धांदल स्पष्ट दिसते.

तोवर भारताची तिकिटं लंडनहून छापून येत. नाशिकची सिक्युरिटी प्रेस 1925 मध्ये सुरू झाली आणि देशाचं तिकीट गोदाकाठी छापलं जाऊ लागलं. खान्देशच्या शेजारी. दुसऱ्या महायुद्धात याचा फार उपयोग झाला. समुद्रावर पाणबुड्या फिरत असताना लंडनच्या तावांची वाट पाहत बसायची वेळ ब्रिटिश भारतावर आली नाही. संस्थानांची गोष्ट वेगळी. इंदूरच्या होळकर संस्थानाची तिकिटं लंडनला छापलेली होती. 1940 साली इंदूरनं 5 रुपयांच्या तिकिटावर देवनागरीत पाव आण्याची किंमत छापून ते चालवलं. पाच रुपयांचे आणे ऐंशी आणि पाव आणे तीनशे वीस. मूळ किमतीच्या तीनशे विसाव्या हिश्शावर उतरलेलं तिकीट! दोन रुपयांच्या तिकिटाचाही तसाच अर्धा आणा झाला. त्यानंतरची नवी तिकिटं संस्थानानं मुंबईत, टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात छापून घेतली.

नाशिकलाही कामचलाऊपणा चुकला नाही. युद्धात लिफाफ्याचा दर एक आण्यावरून सव्वा आण्यावर गेला, म्हणून सव्वा आण्याचं तिकीट निघालं. पुढे दर दीड आण्यावर चढला आणि सव्वा आण्याला कुणी विचारीना. इकडे तीन पैची, म्हणजे एका पैशाची तिकिटं हवी होती. 8 ऑगस्ट 1946 ला सव्वा आण्याच्या त्या पिवळट तपकिरी तिकिटावर ‘3 पाइज’ असं छापून ते विकायला काढलं. सव्वा आण्याचा पैसा झाला. सव्वा हा आपल्याकडे शकुनाचा आकडा. सव्वा रुपया दक्षिणा, सव्वा शेर नारळपेढे. महागाईनं तो शकुन एका ओळीत मोडला. त्या तिकिटावर राजाची मुद्रा मात्र तशीच शांत आहे.

राजा असाच शांत होता 1947 सालीही, आणि या विषयाचं सर्वांत भारी प्रकरण तेच आहे.

15 ऑगस्टला देशाचे दोन देश झाले. फाइली वाटल्या, रेल्वेचे डबे वाटले, कचेऱ्यांतल्या खुर्च्या-टेबलं वाटली. छापखाना वाटता आला नाही. तो नाशिक रोडला होता आणि तिथेच राहिला. पाकिस्तानकडे तिकिटं छापायची सोय नव्हती. सुरुवातीचा दीड महिना तिथे भारताचीच तिकिटं जशीच्या तशी चालली. मग नाशिकला सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर इंग्रजीत ‘पाकिस्तान’ हा शब्द छापला गेला आणि 1 ऑक्टोबर 1947 ला ती तिकिटं तिथे विक्रीला आली. तीन पैपासून 25 रुपयांपर्यंत एकूण 19 किमती. पंजाबात त्या आठवड्यांत काय चाललं होतं हे वाचकाला माहीत आहे. निर्वासितांनी भरलेल्या गाड्या दोन्हीकडून धावत होत्या, आणि नाशिक रोडच्या यंत्रांवर पाकिस्तानच्या तिकिटांचे ताव निघत होते. पुढे नोटांचंही तसंच झालं. जून 1948 अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचं चलन सांभाळत होती, आणि ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असं इंग्रजी-उर्दूत छापलेल्या नोटा नाशिकमध्येच तयार झाल्या. फाळणीवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. फाळणीची छपाई महाराष्ट्रात झाली हे त्यात क्वचितच येतं.

नाशिकचे ताव पुरले नाहीत. कराची, लाहोर, ढाका, चितगाव, पेशावर इथल्या पोस्टांनी हाताशी असलेल्या भारतीय तिकिटांवर स्वतःच रबरी शिक्के मारले. कुठे जांभळी शाई, कुठे काळी. कुठे ठळक अक्षर, कुठे अक्षरं फाकलेली. पाकिस्तानची स्वतःची, चित्रांची तिकिटं निघाली ती 9 जुलै 1948 ला.

आणि भारतानं काय केलं? तिकिटावर काहीच छापलं नाही. राजाची तिकिटं तशीच चालू ठेवली. नव्या भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं, साडेतीन आण्यांचं, 21 नोव्हेंबर 1947 ला आलं, आणि रोजच्या वापराची सबंध नवी मालिका यायला 15 ऑगस्ट 1949 उजाडला. तोवर दोन वर्षं स्वतंत्र देशाची पत्रं सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्यानिशी फिरत होती. 15 ऑगस्ट 1947 ला एवढंच केलं की तिकीट रद्द करण्याच्या शिक्क्यात ‘जयहिंद’ घातलं. म्हणजे राजाच्या कपाळावर जयहिंद पडला खरा, पण तो पत्र टाकल्यावर, पोस्टाच्या हातोडीनं. पाकिस्तानला नाव नवं होतं, ते तिकिटावर आणणं भाग होतं. भारताचं नाव जुनंच राहिलं, त्यामुळे त्याला घाई नव्हती. दोन देशांच्या मनःस्थितीतला हा फरक कुठल्याही भाषणापेक्षा त्या वर्षीच्या दोन पाकिटांवर चटकन कळतो.

चोवीस वर्षांनी चक्र फिरलं. 16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात पाकिस्तानी फौजांनी शरणागती पत्करली. नव्या बांगलादेशातल्या पोस्टांत पाकिस्तानी तिकिटांचे गठ्ठे पडून होते. हंगामी सरकारनं जुलै 1971 मध्ये आठ तिकिटं परदेशातून छापून आणली होती, पण रोजच्या टपालाला ती कुठून पुरणार? मग गावोगावच्या पोस्टमास्तरांनी रबरी शिक्के करवून घेतले आणि ‘पाकिस्तान’वर ‘बांगलादेश’ उमटवलं, कुठे बंगालीत, कुठे इंग्रजीत. त्यांचे इतके प्रकार आहेत की ते मोजण्यात काही संग्राहकांची आयुष्यं गेली. याच सुमाराला खान्देशातली पत्रं पाच पैशांचा शरणार्थी कर भरत होती. 1947 मध्ये नाशिकनं ज्या देशाचं नाव छापलं, त्याचा अर्धा भाग तुटताना घरदार सोडून निघालेल्या माणसांसाठी 1971 मध्ये त्याच नाशिकनं ‘शरणार्थी सहायता’ छापलं. या दोन्ही ओव्हरप्रिंट अल्बमाच्या वेगवेगळ्या देशांच्या पानांवर लावायचा रिवाज आहे. त्या शेजारीशेजारी लावायला हव्यात.

गोव्याची कहाणी जुनी आणि तऱ्हेवाईक. 1910 च्या ऑक्टोबरात लिस्बनला राजेशाही कोसळली. गोव्याच्या पोस्टांत राजा कार्लोसची तिकिटं होती, आणि त्याचा तर 1908 मध्येच खून झाला होता. त्या तिकिटांवर ‘रिपब्लिका’ असा शिक्का छापून ती चालवली. मेलेल्या राजाच्या चेहऱ्यावर प्रजासत्ताक! 1919 ची युद्धकराची तिकिटं त्याहून गमतीची. युद्ध संपलं होतं, कर मात्र तेव्हा पोहोचला. पोर्तुगीज चलनातली रक्कम रुपये-टांगा-रेईसमध्ये बसवताना जे उत्तर आलं ते कुणी पूर्णांकात आणायचीही तसदी घेतली नाही, त्यामुळे तिकिटावर किंमत आली शून्य रुपये, शून्य टांगा, 5.48 रेईस. एवढे पैसे पणजीच्या खिडकीवर कुणी कसे मोजून दिले असतील, हे कोडंच आहे.

फौजांबरोबर तिकिटंही गेली. 1914 मध्ये पाचव्या जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’, म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, असं छापून ती परदेशी जाणाऱ्या हिंदी फौजांना दिली. आपल्याकडे जुनी माणसं ‘बसऱ्याची लढाई’ म्हणत, त्या मोहिमेत पुण्याची सहावी डिव्हिजन आणि मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 ला त्यांना शस्त्रं खाली ठेवावी लागली. मार्च 1917 मध्ये बगदाद पडलं तेव्हा तिथल्या तुर्की तिकिटांवर इंग्रजांनी आपला ताबा छापला, आणि किंमत घातली आण्यांत. तुर्कांचं तिकीट, इंग्रजांचा अंमल, हिंदुस्थानचा आणा. पुढे 1953 मध्ये कोरियात युद्धकैदी सांभाळायला भारतीय तुकडी गेली. तिचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. तिच्यासाठी भारतीय तिकिटांवर देवनागरीत छापलं होतं ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कटक हा शब्द बखरींतून वाचलेल्या मराठी माणसाला तो कोरियाच्या बर्फात भेटावा, हे मोठं मौजेचं आहे.

आता थोडं सावधगिरीचं. ओव्हरप्रिंटइतकी बनावट दुसऱ्या कुठल्याही तिकिटांत होत नाही, कारण खालचं तिकीट अस्सल आणि स्वस्त असतं. खोटी करायची ती दोन ओळींची शाई. 1948 च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटावर गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ हा एकच शब्द छापला गेला. अशी तिकिटं अवघी 100 निघाली, आणि त्यातल्या चारांच्या एका पट्टीला 2017 मध्ये पाच लाख पौंड आले. एका शब्दाला एवढा भाव असेल तर तो शब्द घरी छापणारे निघणारच. म्हणून जाणकार सुट्या तिकिटापेक्षा वापरलेल्या, तारखेचा शिक्का उमटलेल्या पाकिटावर विश्वास ठेवतात.

याच कारणासाठी दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर, नंदुरबार इथल्या जुन्या घरांतल्या मंडळींना एक विनंती. माळ्यावर तार किंवा पत्रांचं गाठोडं सापडलं तर तिकिटं पाण्यात भिजवून सोडवू नका, कात्रीनं कोपरेही कापू नका. पाकीट सबंध ठेवा. मधोमध तारेचं भोक असलं तरी चालेल. ज्याच्यावर पाच पैशांचं लाल तिकीट आहे, त्याच्या शिक्क्यातली तारीख भिंगानं वाचा: ती 15 ते 30 नोव्हेंबर 1971 मधली निघाली, तर ते पाकीट वेगळं काढून कोरड्या कागदात ठेवा.